अपग्रेड, रिफिट, ओव्हरहॉल, कन्व्हर्जन : चारही 'आधुनिकीकरण'च का?

शब्दवेडी :
सध्या संरक्षणविषयक एका लेखाचा अनुवाद करते आहे. हाती पैसा बेताचा असलेल्या भारताने जुनी लढाऊ विमानं, युद्धनौका आणि तोफा दशकानुदशकं कशा कामाच्या ठेवल्या, हा विषय. मूळ लेखात अपग्रेड, रिफिट, ओव्हरहॉल, कन्व्हर्जन हे शब्द वेगवेगळ्या अर्थाने येतात आणि माझ्या पहिल्या खर्ड्यात चारही ठिकाणी 'आधुनिकीकरण' उतरलंय. बातम्यांतही तेच दिसतं. नवी राफेल घेतली तरी आधुनिकीकरण, जुन्या मिगला नवं रडार बसवलं तरी आधुनिकीकरण, आणि जहाज सुक्या गोदीत घेतलं तरी तेच. वाचकाला नेमकं काय झालं ते कळतच नाही. वापरातले वेगळे शब्द आहेत का? आणि 'मिग-२१ने कात टाकली' असा मथळा सुचवला गेलाय, तो योग्य वाटतो का?

ओझरकर :
ताई, आधी कात टाकण्याबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. साप कात टाकतो तेव्हा वरची कातडी नवी येते आणि आतला साप जुनाच असतो. विमानाच्या अपग्रेडमध्ये नेमकं उलटं होतं. सांगाडा, पंख, बहुतेक वेळा इंजिनही जुनंच राहतं, आणि बदलतात ती आतली यंत्रणा. म्हणून तो मथळा मला पटत नाही, कानाला कितीही बरा वाटला तरी.

मिग-२१ बायसनचंच बघा. आपल्याकडे मिग-२१ आलं १९६३मध्ये. पुढे आमच्या नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात ते परवान्याखाली तयार होऊ लागलं. त्यातल्या 'बिस' जातीच्या सुमारे १२५ विमानांचं बायसन केलं गेलं. त्यात नवं 'कोप्यो' रडार आलं, वैमानिकाला शिरस्त्राणातूनच नेम धरण्याची सोय आली, नजरेपलीकडच्या लक्ष्यावर सोडता येणारं आर-७७ क्षेपणास्त्र आलं. इंजिन मात्र आर-२५च राहिलं, इंधन पोटात मावायचं तेवढंच मावत होतं, आणि उतरतानाचा वेगही तसाच जास्त राहिला. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा शेवटपर्यंत उडत होती ती बायसनच. पन्नासच्या दशकातल्या आराखड्याच्या विमानाला इतकं आयुष्य मिळालं ते या कामामुळे, आणि ते काम करणाऱ्यांच्या हातांना श्रेय द्यायचं तर शब्दही नेमका हवा.

माझ्या मते अपग्रेडला 'श्रेणीवर्धन' घ्यावा. तो काही नवा घडवलेला शब्द नाही. ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय होतं तेव्हा आपण 'श्रेणीवर्धन झालं' असंच म्हणतो. इमारत तीच, पण आता तिथे शस्त्रक्रिया होते. बिसचं बायसन होणं अगदी तसंच आहे.

ओव्हरहॉल ही वेगळी गोष्ट. ठरावीक तास उड्डाण झालं की विमान पार उघडतात. पंखांची जोडणी सुटी करतात, तडा आहे का ते तपासतात, झिजलेले भाग बदलतात, वायरिंग बघतात, पुन्हा जोडून चाचणी-उड्डाण करतात आणि मग तुकडीकडे परत देतात. हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो ओझरलाच आहे, तिथे मिग-२९ आणि सुखोईची अशी कामं होतात. यात विमानाची ताकद वाढत नाही, त्याला पुढचे तास मिळतात. इथे 'आधुनिकीकरण' लिहिलं तर ते सरळ चूकच ठरतं. कारखान्यात सगळे 'ओव्हरहॉल'च म्हणतात. लेखात मराठी शब्द हवाच असेल तर 'संपूर्ण उघडून केलेली दुरुस्ती' असं एकदा सांगून पुढे ओव्हरहॉल ठेवा.

शब्दवेडी :
श्रेणीवर्धन पटलं. पण 'अद्ययावत करणे' का नको? तो जास्त ओळखीचा आहे.

ओझरकर :
चालेल की. क्रियापद म्हणून तो जास्त सुटसुटीत आहे. 'विमानं अद्ययावत केली' हे 'विमानांचं श्रेणीवर्धन केलं'पेक्षा वाचायला सोपं जातं. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं, त्यामुळे तेच विमान पुन्हापुन्हा अद्ययावत होऊ शकतं. जग्वारचं तसंच झालं. १९७९मध्ये आलेलं हे हल्ला करणारं लढाऊ विमान. त्याची दिशादर्शन आणि माऱ्याची यंत्रणा आधी डॅरिन, मग डॅरिन-२, मग डॅरिन-३ अशी बदलत गेली. नवं, जास्त जोराचं इंजिन बसवायचा बेत होता, तो खर्च परवडेना म्हणून २०१९मध्ये सोडून दिला. म्हणजे डोळे नवे आणि छाती जुनी. तुमच्या लेखाचा विषय विकसनशील देशाचा आहे ना? मग ही ओढाताण अनुवादात दिसलीच पाहिजे. 'जग्वारचे आधुनिकीकरण करण्यात आले' या वाक्यात ती पुसली जाते.

डॉकयार्ड रोड :
जहाजांचं मी सांगतो. गोदीत रोज वापरला जाणारा शब्द 'रिफिट', आणि तो तसाच ठेवावा. एका रिफिटमध्ये दोन-तीन प्रकारची कामं एकत्र होतात, म्हणून त्याला एक मराठी शब्द पुरत नाही. जहाज सुक्या गोदीत येतं. तळाला चिकटलेलं शंख-शेवाळ खरवडतात, गंजलेले पत्रे कापून नवे जोडतात, जहाज पुढे ढकलणारे पंखे आणि त्यांचे दांडे काढून तपासतात, व्हॉल्व्ह तर शेकड्यांनी उघडले जातात. ही झाली दुरुस्ती. त्याच मुक्कामात नवं रडार किंवा क्षेपणास्त्र बसवलं तर ते झालं तुमचं श्रेणीवर्धन. सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्या रिफिटसाठी रशियाला जात आणि परत येताना पाणबुडीतून सोडायची 'क्लब' क्षेपणास्त्रं घेऊन येत, तेव्हा दोन्ही कामं एकदम झालेली असत. रिफिटला 'डागडुजी' मात्र कृपा करून लिहू नका. डागडुजी कौलांची होते. सिंधुकीर्ती पाणबुडीचं रिफिट विशाखापट्टणमला २००६ ते २०१५ चाललं. त्याला डागडुजी म्हटलं तर नऊ वर्षं लोकांनी काय केलं, असंच वाचकाला वाटेल.

आणि हे काम धोक्याचंही आहे. आयएनएस बेटवा ही युद्धनौका २०१६मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत पाण्यात परत सोडताना कलंडली. आयएनएस ब्रह्मपुत्रा ही दुसरी युद्धनौका २०२४च्या जुलैत रिफिट चालू असताना आग लागून आडवी झाली. दोन्ही वेळा माणसं गेली.

कन्व्हर्जनसाठी 'रूपांतर', दुसरा शब्द शोधायलाच नको. विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाचं उदाहरण घ्या. मूळचं सोव्हिएत नौदलाचं 'बाकू', नंतरचं 'अॅडमिरल गोर्श्कोव्ह'. ते अर्धं क्रूझर (मोठी युद्धनौका) आणि अर्धं विमानवाहू होतं, पुढच्या अर्ध्या डेकवर क्षेपणास्त्रांच्या भल्यामोठ्या नळ्या. त्या सगळ्या उपटून काढल्या, डेक सलग केला आणि नाकाकडे १४ अंशांहून थोडा जास्त असा वर उचललेला चढ बांधला, म्हणजे मिग-२९के हे नौदलाचं लढाऊ विमान छोट्या धावेत उडू शकेल. बॉयलरही बदलले. २००४च्या करारात या कामाची किंमत ९७.४ कोटी डॉलर ठरली होती, ती शेवटी २३५ कोटींवर गेली. २००८ला मिळायचं जहाज १६ नोव्हेंबर २०१३ला नौदलात आलं. मधे २०१२च्या चाचण्यांत बॉयलरचं अस्तर निकामी झालं, त्यात आणखी वर्ष गेलं. हे रूपांतर आहे. जहाजाचं कामच बदललं. याला अपग्रेड म्हणणं म्हणजे चाळ पाडून टॉवर बांधल्यावर रंगरंगोटी केली म्हणण्यासारखं आहे.

ताई, आणखी एक विनंती, तुम्ही विचारलं नसलं तरी. 'जलावतरण' (जहाज पहिल्यांदा पाण्यात सोडणं) आणि 'नौदलात दाखल होणं' या दोन वेगळ्या घटना आहेत. नव्या विक्रांत या विमानवाहू नौकेचं कोचीला जलावतरण झालं १२ ऑगस्ट २०१३ला. तेव्हा ते एक तरंगणारं कवच होतं. नौदलात दाखल झाली ती २ सप्टेंबर २०२२ला. या दोन तारखांमधली नऊ वर्षं म्हणजेच जहाजबांधणीचं खरं अवघड काम. अनुवादात या दोन शब्दांची अदलाबदल झालेली दिसली की फार वाईट वाटतं, कारण त्यात त्या नऊ वर्षांचं काम कुणालाच दिसत नाही.

तोफखाना, नगर :
वरच्या दोघांशी सहमत. तोफांचं थोडं सांगतो. तुमच्या लेखात 'शारंग' तोफ असणारच. सोव्हिएत बनावटीच्या १३० मिलिमीटरच्या एम-४६ तोफांना १५५ मिलिमीटर, ४५ कॅलिबरची नवी नळी बसवून ती झाली. इथे 'कॅलिबर' शब्द घोटाळा करतो. १५५ हा नळीच्या आतला व्यास, आणि ४५ कॅलिबर म्हणजे नळीची लांबी त्या व्यासाच्या ४५ पट, जवळजवळ सात मीटर. ४५ हे दुसरं काही माप समजून कोणी 'मिलिमीटर' लिहितं, ते टाळा. पल्ला २७ किलोमीटरवरून ३६च्या वर गेला. अशा ३०० तोफांचं काम २०१८मध्ये आयुध निर्माणी मंडळाला दिलं गेलं. आमच्या जुन्या भाषेत हे सोपं सांगता येतं : नळी बदलली, गाडा राखला. गाडा हा शब्द मराठ्यांच्या तोफखान्यापासून चालत आलाय आणि रणगाड्यात तोच बसलाय, तेव्हा 'कॅरेज' लिहायची गरज नाही.

रणगाड्यालाही तोच नियम. टी-७२च्या ७८० अश्वशक्तीच्या इंजिनाऐवजी १००० अश्वशक्तीचं इंजिन घेण्याचा करार मार्च २०२५मध्ये झाला. तिथे 'इंजिनबदल' लिहावं, पुरे. जिथे एकच भाग बदललाय तिथे त्या भागाचं नाव घ्यावं, उगाच मोठा शब्द वापरू नये.

'आधुनिकीकरण' हा शब्द वाईट नाही. तो सैन्याला लावावा. हवाई दलाचं, नौदलाचं आधुनिकीकरण होतं. त्यात नवी खरेदी आली, जुन्याचं श्रेणीवर्धन आलं, प्रशिक्षण आलं. एकट्या विमानाला किंवा तोफेला तो लावू नये.

शब्दवेडी :
ही फोड फार उपयोगी आहे, तिघांचेही आभार. खर्डा बदलला. 'नौदलाच्या आधुनिकीकरणात गोर्श्कोव्हचे रूपांतर फार खर्चिक ठरले', 'बिस जातीच्या मिग-२१ अद्ययावत करून बायसन करण्यात आल्या', 'रिफिटमध्ये पाणबुडीवर क्लब क्षेपणास्त्रे बसवली' अशी वाक्यं केली आहेत. मथळ्यातून कात काढली. एकच अडलंय : 'मिड-लाइफ अपग्रेड'. 'मध्यायुष्यातील श्रेणीवर्धन' फार बोजड होतं.

ओझरकर :
'अर्ध्या आयुष्यावरचं' म्हणून बघा. आणि तुमच्या दुसऱ्या वाक्यात 'मिग-२१ करण्यात आल्या' नको, 'आली' हवं. विमान नपुंसकलिंगी, आम्ही मिगलाही 'ते मिग'च म्हणतो.

डॉकयार्ड रोड :
जहाजाच्या बाबतीत 'मधल्या टप्प्याचं रिफिट' म्हणा, पण रिफिटचे प्रकार वेगवेगळे असतात. मूळ लेखातलं वाक्य इथे टाकलंत तर नक्की सांगता येईल.