पॅकिंग जमत नसेल, तर जुनं यंत्र पाठवायच्या बोलीवर विकू नये

तबकडी:

परवा पार्सल आलं. दारातच खोका जरासा तिरका केला, तर आत काहीतरी जड या टोकाकडून त्या टोकाला घरंगळत गेलं. तो आवाज ऐकला तेव्हाच पोटात गोळा आला.

आत थॉरेन्स टीडी-160 होता, रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल. 1972 साली बाजारात आलेलं मॉडेल, आणि मी दोन वर्षं त्याच्या शोधात होतो. याला आतला आणि बाहेरचा असे दोन प्लॅटर, म्हणजे रेकॉर्डखाली फिरणाऱ्या जड तबकड्या असतात, दोन्ही मिळून वजन तीन किलोंच्या वर. प्लॅटर आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) ज्या चौकटीवर बसतात, ती तीन स्प्रिंगांवर तरंगती असते. प्रवासात ती हलू नये म्हणून ट्रान्झिट स्क्रू असतात. ते कसलेले नव्हते. प्लॅटरही काढलेला नव्हता.

मग व्हायचं तेच झालं. बाहेरचा प्लॅटर उसळून टोनआर्मवर आला, तिथून झाकणावर. टोनआर्म मुळापाशी वाकलाय. झाकणाचं एक बिजागर उखडलंय आणि तिथून थेट कोपऱ्यापर्यंत तडा गेलाय. आतला प्लॅटर बोटाने हळू फिरवला, तर खरखर बोटाला लागते. टोनआर्मच्या मागच्या टोकाचं वजन, काउंटरवेट, कुठे दिसेना. शेवटी ते चौकटीखाली, स्प्रिंगच्या वेटोळ्यात अडकलेलं सापडलं. या सगळ्याभोवती होता बबल रॅपचा एक पदर आणि चुरगळलेले कागद, तेही दबून तळाला बसलेले.

विकणारा भला माणूस आहे, पैसे परत देतो म्हणाला. पण पैसे परत आले म्हणून ते यंत्र परत येत नाही. कुणीतरी इतकी वर्षं जपलेली, वेळच्या वेळी तेल दिलेली वस्तू शेवटच्या चार दिवसांत मोडली. ती आता कोणी नवी बनवून देणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: पॅकिंग हा विक्रीचाच भाग आहे. ते येत नसेल आणि शिकायचंही नसेल, तर "येऊन घेऊन जा" एवढंच जाहिरातीत लिहावं.

हातोहात:

वाचून वाईट वाटलं. तरी मी उलट बाजूने बोलणार आहे. चूक पॅकिंगची असेल, पण ती त्याच्याही आधी झाली. चाळीस-पन्नास वर्षं जुनी, तरंगत्या चौकटीची वस्तू खोक्यात घालून अनोळखी हातांत द्यायचीच कशाला?

तेव्हाच्या यंत्रांना कारखान्यातून निघताना जे बळ होतं ते आज नाही. प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, गोंद वाळलेला असतो, आतले रबरी ठोकळे दगडासारखे कडक झालेले असतात. 1990च्या दशकातले काही ॲपल मॅकिंटॉश संगणक आज नुसते उघडायला घेतले तरी आतल्या खाचा आणि कड्या मटकन तुटतात. अशा वस्तूला तुम्ही बाहेरून कितीही गुंडाळा. मी गेली कित्येक वर्षं स्वतः जाऊन, बघून, वाजवून, मांडीवर ठेवून आणलेली वस्तूच घेतो. त्यामुळे बऱ्याच चांगल्या वस्तू हातच्या गेल्या, हे मान्य आहे. पण एकही मोडली नाही.

माळ्यावरचं:

मी विकणारी आहे, म्हणून लिहिते.

मावशी गेल्यावर तिचं घर आवरायचं काम माझ्याकडे आलं. माळ्यावर रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर, वायरींचे गुंते. यातलं मला काही कळत नाही. भंगारात जाऊ नये, कुणीतरी प्रेमाने वापरावं, म्हणून एकेक विकायला काढलं. घेणारे मात्र सगळे जाणकार! मॉडेल नंबर, कोणत्या साली बनलं, आतले व्हॉल्व्ह (जुन्या यंत्रांतल्या काचेच्या नळ्या) मूळचे आहेत का, सगळं विचारतात. "पाठवताना प्लॅटर काढा, अमुक स्क्रू कसा" हे एकानेही सांगितलं नाही. उलट "पाठवणावळ जरा कमीत कमी बसेल असं बघा" हे प्रत्येकाने सांगितलं.

एक ॲम्प्लिफायर मी दोन जुन्या रजयांत गुंडाळून पाठवला होता. माझ्या समजुतीने त्याहून मऊ काही नव्हतं. तो तिकडे पोचला तेव्हा मागची चासी, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, वाकलेली. मला आलेला निरोप मी इथे लिहीत नाही, पण त्यानंतर आठवडाभर मी कुठल्याच वस्तूला हात लावला नाही. तबकडी, तुम्ही त्या विकणाऱ्याला ट्रान्झिट स्क्रूचं आधी सांगितलं होतं का? नसेल, तर पार्सल आल्यावर हे सगळं लिहिणं म्हणजे वरातीमागून घोडं.

ओममीटर:

रजयांचा मुद्दा निघालाच आहे, तर मऊपणा का पुरत नाही ते सांगतो. इथेच बहुतेकांचं चुकतं.

वस्तू पडते तेव्हा नुकसान किती होणार, हे ती किती अंतरात थांबते त्यावर ठरतं. 76 सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू 1 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर तिला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या 76 पट झटका बसतो. तीच 4 सेंटिमीटरमध्ये सावकाश थांबली, तर 19 पट. आता ॲम्प्लिफायरमधला 5 किलोंचा ट्रान्सफॉर्मर डोळ्यांसमोर आणा. पहिल्या वेळी त्याचे चार स्क्रू आणि खालचा पत्रा यांच्यावर 380 किलोंएवढा ओढा येतो, दुसऱ्या वेळी 95 किलोंएवढा. म्हणून चासी वाकते. रजई जड वस्तूखाली केव्हाच दबून पापड झालेली असते, तिच्यात थांबायला अंतरच उरत नाही. बबल रॅपचंही तेच, फुगे फुटले की संपलं. फोमसुद्धा पूर्ण जाडीभर दबत नाही, म्हणून 4 सेंटिमीटर हवे असतील तर फोम निदान 8 सेंटिमीटर जाड घ्यायचा, आणि तो त्या वजनाला पेलणारा हवा.

दुसरं, "कुरिअरवाले फेकतात" ही तक्रार मी आता करत नाही. फेकतातच, असं धरूनच भरायचं. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनची 1ए नावाची अगदी प्राथमिक चाचणी आहे. तिच्यात भरलेला खोका 10 वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा. साधारण साडेनऊ किलोंपर्यंतचा खोका 76 सेंटिमीटरवरून, त्याहून जड असेल तर वजनाप्रमाणे कमी उंचीवरून. म्हणजे खोका पडणं हा अपघात नाही, तो प्रवासाचाच भाग आहे. "नाजूक" लिहिलेली चिठ्ठी यंत्राने चालणाऱ्या पट्ट्याला वाचता येत नाही.

त्यामुळे मी तबकडींच्या बाजूने.

गरम_व्हॉल्व्ह:

मी दुरुस्ती करतो. मोडून आलेल्या वस्तू माझ्याच टेबलावर येतात, म्हणून मला दोन्हीकडचं थोडं पटतं आणि थोडं अजिबात पटत नाही.

ओममीटर, हिशेब बरोबर आहे. पण खोका शाबूत, वरून ओरखडा नाही, आणि तरी आतलं बिघडलेलं, असं मी फार पाहिलंय. पायोनिअर एसएक्स-1980 घ्या, 1978 चा रिसिव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत), वजन 35 किलोंच्या घरात. असलं धूड उभ्यावर आपटलं की सर्किट बोर्ड लवतो आणि मोठ्या भागांच्या पायांशी सोल्डरला गोल चीर पडते. केसासारखी बारीक. भिंगाखाली धरली आणि बोर्ड नखाने किंचित दाबला, की ती उघडते आणि मिटते. घरी लावल्यावर अर्धा तास सुरेख वाजतो, तापला की एका बाजूच्या स्पीकरचा आवाज जातो. घेणारा म्हणतो फसवलं, विकणारा म्हणतो माझ्याकडे चालत होता. दोघंही खरं बोलत असतात.

आणि "मूळ खोका आहे, त्यातच पाठवतो" म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, आधी आतलं थर्माकोल बघा. ते एकदा दबलं की परत फुगत नाही. त्या खोक्याने आधीच दोन-तीन फटके खाल्ले असतील, तर तुमच्या वस्तूसाठी त्यात काही शिल्लक नाही. जुना पिवळा फोम त्याहून वाईट. तो कुजून चिकट होतो, मग भुगा होऊन यंत्राच्या जाळीतून आत जातो. एकदा एका टेपच्या कॅपस्टनवरून (फीत पुढे ओढणाऱ्या दांड्यावरून) तो काढण्यात माझी अख्खी दुपार गेली.

व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळावेत आणि कुठला कुठून काढला त्याची खूण करावी. बॅटऱ्या काढाव्यात. पिक्चर ट्यूबवाल्या वस्तूंचं मात्र मला हातोहातचंच पटतं. तिची मागची मान इतकी बारीक काच असते की तिथे एक ठोसा बसला तर आतली निर्वात पोकळी गेली, ट्यूब गेली. दुसरी आणणार कुठून?

तबकडी:

माळ्यावरचं, तुमचा प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देतो. नाही, मी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, एवढं जुनं यंत्र बाळगणाऱ्याला माहीत असेल. ती माझी चूक झाली, आणि गेले दोन दिवस ती मला खातेय. ट्रान्झिट स्क्रूचं चित्र माझ्याकडे होतं, पाठवायला एक मिनिट लागलं नसतं.

पण तेवढ्याने माझं मत बदलत नाही. मी सांगितलं नाही म्हणून विकणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. वस्तू त्याच्या हातात असते, माझ्या नाही. खोका बंद केल्यावर हलवून बघणं, आत काही सरकतंय का ऐकणं, याला इलेक्ट्रॉनिक्स कळावं लागत नाही. त्या माणसाने खोका एकदा तिरका केला असता, तर मी ऐकला तोच आवाज त्यालाही आला असता. "पाठवणावळ कमी करा" म्हणणाऱ्यांवर मात्र माझाही राग आहे. पॅकिंगचा खर्च घेणाऱ्याने वेगळा द्यावा, न कुरकुरता.

हातोहात:

बघा, आता हिशेब झाला, फोम झाला, खोक्यात खोका होईल. आणि तरीही वर गरम_व्हॉल्व्ह सांगतायत की शाबूत खोक्यातून चीर पडलेला बोर्ड निघतो. मग शेवटी उरतं काय, धोका किती पत्करायचा एवढंच ना? नव्या वस्तूबाबत तो पत्करावा, ती बदलून मिळते. या वस्तूंची संख्या दर खेपेला घटतेच आहे. त्या घटीला आपण हातभार का लावायचा?

ओममीटर:

कारण जवळपास घेणारा नसेल तर ती वस्तू भंगारात जाते, हातोहात. माळ्यावरचं यांनी तेच लिहिलंय. प्रवासात दहातली एक मोडेल या भीतीने दहाच्या दहा माळ्यावर सडू द्यायच्या का?

हातोहात:

थांबायचं. घेणारा येईपर्यंत थांबायचं. घाई वस्तूला नसते, आपल्याला असते.

माळ्यावरचं:

मला घर रिकामं करून द्यायचंय, थांबता येणार नाही.

तबकडी, हलवून बघण्याचं पटलं. ते मी खरंच कधी केलं नव्हतं. रजईत गुंडाळलं की मला वाटायचं, झालं. आता एक रेव्हॉक्स ए77 उरलाय, स्पूलचा टेप, साधारण 15 किलो. एका बाईंनी मागितलाय आणि त्या फार लांब राहतात. मावशी यावर रोज संध्याकाळी गाणी ऐकायची. हा मोडला तर मला सहन होणार नाही. काय काय काढू आणि कसा भरू, कुणीतरी नीट सांगा.

गरम_व्हॉल्व्ह:

दोन्ही स्पूल काढा, वेगळ्या खोक्यात. समोरच्या नॉबना काहीही टेकू देऊ नका. पुठ्ठ्याची चौकट अशी करा की भार टेपच्या कडांवर येईल आणि नॉबसमोर पोकळी राहील. जाळ्यांमधून कचरा जाऊ नये म्हणून आधी पातळ प्लॅस्टिकमध्ये घ्या, बबल रॅप थेट अंगाला नको. मग आतला खोका घट्ट बसेल असा. तो बाहेरच्या जाड, पाच पदरी खोक्यात, सगळीकडून 8 सेंटिमीटर फोम सोडून. पॉलिथिनचा फोम घ्या, तो दबून परत उठतो. भरताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा, पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर पहिलं तेच विचारतात. आणि त्या बाईंना सांगा, पार्सल आल्या आल्या लावू नका. थंडीतून आलं असेल तर आत दव धरतं, एक दिवस खोलीत तसंच राहू द्या.

तबकडी:

बाहेरचा खोका चिकटवण्याआधी टेपची लांबी, रुंदी, जाडी मोजून इथे टाका. फोमचे तुकडे कुठे किती लावायचे ते मी काढून देतो.

हातोहात:

त्या बाईंना एकदा विचारून तरी बघा, त्या येऊन नेतील का.

माळ्यावरचं:

विचारते. मापंही उद्या सकाळी टाकते.