पोलीस स्टेशनची पायरी चढताना तुमच्यासोबत कोण होतं? (अनुभव धागा)

मुंबईत पोलिसांचा कोणाला आधार वाटतो आणि कोणाला धडकी भरते, हे मला वाटतं तुमची ओळख किती वरपर्यंत आहे त्यावर ठरतं. तिथे एकाला खुर्ची मिळते, दुसऱ्याला "बाहेर थांबा". तुमचे अनुभव लिहा, चांगलेही लिहा, फक्त पोलीस स्टेशनचं आणि माणसांचं नाव नको.

कुरियरवाला
लोकलमध्ये चढताना मोबाईल मारला, खिशात हात गेलेला कळला पण गर्दीत वळताच येईना. तक्रार द्यायला गेलो तर म्हणे कशावरून चोरी, पडला असेल, गहाळ झाला म्हणून लिहून देतो, सिम मिळेल. मी तसाच ड्युटीवरून गेलेलो, घामेजलेला, पाठीला बॅग. दुसऱ्या दिवशी आत्याचा मुलगा सोबत आला, तो वकील. तेच साहेब "बसा ना" म्हणाले आणि चोरीचा एफआयआर झाला. माझं म्हणणं दोन्ही दिवस तेच होतं की!

पोलिसाची पोरगी
मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले, १६० फुटांची खोली, पप्पा हवालदार. लोकांना वाटतं वर्दी म्हणजे पॉवर. एकदा नाक्यावर पप्पांनी बिनहेल्मेटच्या एका मुलाला अडवलं, त्याने कोणालातरी फोन लावला आणि सरळ पप्पांच्या हातात दिला, पलीकडून काय बोलले माहीत नाही पण गाडी सोडावी लागली, आणि त्याच्या मागच्या दूधवाल्याची मात्र पावती फाटली कारण त्याला फोन करायला कोणी नव्हतं. त्या रात्री पप्पा जेवले नाहीत. त्या दूधवाल्याने पोलिसांबद्दल वाईटच मत केलं असणार आणि त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. पण विसर्जनाच्या बंदोबस्तात रात्रभर उभा असलेला माणूस पण तोच. २०१६ ला देवनारला आठ तासांची ड्युटी सुरू करून बघितली, तोपर्यंत बारा तास हे धरूनच चालायचे सगळे.

घाटकोपरकर
आमच्याकडे ११ जुलै १९९७ कोणी विसरलेलं नाही. रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाने गोळीबार केला, दहा माणसं गेली. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयात शिक्षा व्हायला २००९ उजाडलं. याच शहरात २००८ मध्ये तुकाराम ओंबळेंनी नुसत्या लाठीनिशी कसाबची बंदूक धरून ठेवली, त्यांचं नाव निघालं की आजही माझे डोळे भरतात. पण आमच्या वस्तीत व्हॅन शिरली की आया आधी पोरांना घरात घेतात. टॉवरमधल्या आया घेतात का?

भाजीवाली ताई
गाडी आली की आधी टोपली उचलायची. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा आहे म्हणतात, पण हातात सर्टिफिकेट नाही तोवर आम्ही चोरच.

मावशीचा भाचा
कुरियरवाले दादा, २०१३ ला ललिता कुमारी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) दिसत असेल तर एफआयआर नोंदवायलाच लागतो, वकील सोबत असो नसो. तक्रार लेखी द्यायची, पोच मागायची, नाही घेतली तर उपायुक्तांना पोस्टाने पाठवायची. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घ्या. माझी मावशी धुणीभांडी करते, तिने असंच केलं, कोणाचीही ओळख न लावता, आणि तिची तक्रार नोंदवून घेतली.