आडवं गोल जाळं: अरॅनिडी की आणखी काही?

प्रश्न: शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात जिन्याखाली जमिनीला समांतर गोल जाळं आहे. कोळी ६ मिमी, पायांवर पट्टे. अरॅनिडी (गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांचं एक कुळ) धरू?

उत्तर १: थांबा राव! नुसत्या गोल जाळ्यावर कुळ ठरत नाही. हा युलोबोरिडी या दुसऱ्या कुळातला वाटतो, बहुधा झोसिस जेनिक्युलाटा ही प्रजाती. भिंगातून पोटाखाली बघा: धागा काढणाऱ्या नळ्यांपुढे चपटी पट्टी, म्हणजे क्रिबेलम, चौथ्या पायावर केसांची फणी. फणीने पिंजलेला धागा लोकरीसारखा असतो, त्यावर चिकट थेंब नसतात.

उत्तर २: विषग्रंथीही नाहीत, भक्ष्य रेशमात करकचून गुंडाळतो. प्रौढ नराची फणी खुंटलेली किंवा नाहीशी झालेली असते, तिथंच घोळ होतो. प्रजातीसाठी प्रौढ नमुना ७०% अल्कोहोलमध्ये ठेवा, वाळवला तर आक्रसतो.

प्रश्नकर्ता: फणी स्पष्ट आहे, तोंडाजवळचे स्पर्शपाद बारीक.

उत्तर १: मग मादी किंवा पिल्लू, प्रौढ नराचे स्पर्शपाद फुगीर असतात. पोटाखाली जननछिद्राची पट्टी बघा, ती असेल तर प्रौढ मादी.