तोंडे, धान्य आणि मजुरी: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सी-३०४: काका, वाढत्या लोकसंख्येमुळे जगात उपासमार अटळ आहे, असा सकाळी आपण पाठवलेला मजकूर वाचला. जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटींवर गेली हे खरे. पण म्हणून उपासमार होणारच, हे पटत नाही. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे ५ कोटी टन धान्य पिकत होते आणि लोकसंख्या ३६ कोटी होती. २०२२-२३ मध्ये धान्य सुमारे ३३ कोटी टन झाले, लोकसंख्या १४० कोटींच्या आसपास. तोंडे चौपट झाली, धान्य सहापटीहून अधिक.

ए-१०१: आकडे मान्य आहेत, परंतु ज्याने दुष्काळात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी खाल्ली आहे त्याची आकड्यांनी समजूत पटत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी आईबरोबर सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे आणि तिथे दुपारी मिळणारी सुकडी, म्हणजे पिठाचा गोड पूरक आहार, हाच आमचा आधार होता. धान्य तेव्हा खरोखरच नव्हते.

सी-३०४: काका, मला नेमके तेच म्हणायचे आहे. पिके बुडाली होती, तरी १९७३ च्या उन्हाळ्यात लाखो लोक सरकारी कामांवर होते आणि हाती मजुरी पडत असल्यामुळे बाहेरून आलेले धान्य त्यांना विकत घेता आले. बंगालमध्ये १९४३ साली ते झाले नाही. तेथे वीस ते तीस लाख माणसे दगावली, असे अंदाज आहेत. आणि त्या वर्षी उपलब्ध असलेला तांदूळ १९४१ पेक्षा कमी नव्हता, युद्धकाळातील महागाईत तो शेतमजूर आणि कोळी यांच्या आवाक्याबाहेर गेला, अशी अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांची मांडणी आहे.

बी-२०३: दादा, उत्पादन वाढले ते कशाच्या जोरावर, हेही पाहायला हवे. पंजाबात भातासाठी जमिनीखालचे पाणी जितके उपसले जाते तितके पावसाने भरून निघत नाही. शिवाय जगाच्या तांदूळ-व्यापारातील सुमारे ४० टक्के वाटा आपला आहे. जुलै २०२३ मध्ये आपण बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा परदेशांत भाव चढले, आणि अशा वेळी आयातीवर जगणाऱ्या गरीब देशांतल्या लोकांची मजुरी काही वाढत नाही.

ए-१०१: ताईंचे म्हणणे रास्त आहे. मजुरीविषयी मात्र एक सांगतो. आमची मजुरी कित्येकदा पंधरा-पंधरा दिवस उशिरा मिळे. तोवर वाणी उधारीवर धान्य देत असे, कारण आईचे नाव हजेरीपटावर आहे हे त्याला ठाऊक होते.