इटलीत लढून युरोप सुटला का?

घाटवाटाड्या

दरवर्षी ६ जून आला की १९४४ च्या फ्रान्समधल्या नॉर्मंडी उतरण्याचे फोटो फिरतात, आणि खाली कुणीतरी हमखास टाकतं, "रोम त्याच्या दोन दिवस आधीच सुटलं होतं, पण ते कुणाला आठवत नाही." मला आठवतं. तरीही माझं म्हणणं असं की दुसऱ्या महायुद्धातली दोस्तांची इटलीची मोहीम फार तर नेपल्सपाशी थांबवायला हवी होती.

१० जुलै १९४३ ला दोस्तसेना सिसिलीत उतरल्या, २५ जुलैला मुसोलिनीची उचलबांगडी झाली, सप्टेंबरात इटलीने शस्त्रं ठेवली. काम झालं की! पुढची दीड-पावणेदोन वर्षं कशासाठी? चर्चिल इटलीला युरोपचं मऊ पोट म्हणायचे. जरा नकाशा उघडा. मधोमध अपेनाइन्सचा कणा आणि दोन्ही अंगांना समुद्राकडे धावणाऱ्या नद्या. भर पावसाळ्यात रत्नागिरीहून मुंबईला पायी निघायचं, सगळे पूल उडवलेले, आणि प्रत्येक खाडीपलीकडच्या टेकाडावर कुणीतरी मशीनगन लावून बसलेलं, असा प्रकार. वर रसद न्यायला शेवटी खेचरं लागली.

रोमच्या वाटेवरच्या कॅसिनोला दोस्तांनी जानेवारी ते मे १९४४ चार वेळा डोकं आपटलं. १५ फेब्रुवारीला डोंगरावरचा मठ बॉम्ब टाकून पाडला. आत जर्मन फौज नव्हती. मठ पडल्यावर मात्र ती ढिगाऱ्यात येऊन बसली, कारण ढिगाऱ्याइतका चांगला आडोसा कुठला? आणि एवढं करून मे महिन्यात जर्मनांच्या १० व्या सैन्याची वाट अडवायची वेळ आली, तर अमेरिकी जनरल मार्क क्लार्कनी बरीचशी फौज वळवली रोमकडे. रोमचा फोटो मिळाला, सैन्य निसटलं. तेच सैन्य पुढे गॉथिक लाइनवर, म्हणजे उत्तरेतल्या जर्मन बचावफळीवर, पुन्हा समोर उभं.

जुना तोफची

आधी फोजिया वाचा, मग मोहीम मोडीत काढा. दक्षिण इटलीतल्या तिथल्या धावपट्ट्या हाती आल्या म्हणून अमेरिकी बॉम्बर रुमानियातल्या प्लोएश्टीच्या तेलावर पुन्हा पुन्हा जाऊ शकले. रणगाडा पेट्रोलवर चालतो, निष्ठेवर नाही.

दुसरं, जर्मन सेनापती केसेलरिंगकडे इटलीत वीसहून अधिक डिव्हिजन होत्या. त्या नॉर्मंडीत असत्या तर? आणि रशियातली कुर्स्कची जर्मन चढाई १९४३ च्या ५ जुलैला सुरू झाली, सिसिली १० ला, १३ ला हिटलरने सेनापतींना बोलावून कुर्स्क थांबवायला सांगितलं. हा योगायोग म्हणायचा का?

घाटवाटाड्या

फोजिया मान्य, पण ते सप्टेंबर १९४३ अखेरीलाच हातात आलं. ते राखायला पार उत्तरेत बोलोन्यापर्यंत जायची गरज नव्हती. "डिव्हिजन अडकवून ठेवल्या" हे मला कधीच पटलेलं नाही. डोंगरात बचाव करणाऱ्याला कमी माणसं लागतात, चढणाऱ्याला जास्त. मग कोण कुणाला अडकवून बसलं होतं? १५ ऑगस्ट १९४४ ला दक्षिण फ्रान्समध्ये उतरण्यासाठी इटलीतूनच सात डिव्हिजन काढल्या, म्हणजे दोस्तांनाही ही आघाडी दुय्यम वाटत होती. त्या उतरण्यातून मार्सेलचं बंदर मिळालं. त्याचा उपयोग दिसतो तरी.

व्होल्गाकाठ

तुमचं चालू द्या. २२ जून १९४४ ला रशियनांनी बाग्रातियोन नावाची चढाई सुरू केली आणि काही आठवड्यांत जर्मनांचा अख्खा मध्य आर्मी ग्रुप मोडून काढला. कॅसिनोला जेवढ्या महिन्यांत एक डोंगर घेतला, त्याहून कमी वेळात हे पोलंडमधल्या विश्चुला नदीपर्यंत गेले. कुर्स्कही सिसिलीने नाही थांबलं. १२ जुलैला ओरेलकडे रशियनांचा प्रतिहल्ला झाला, त्याने थांबलं.

जुना तोफची

विश्चुलापर्यंत गेले, पण कशात बसून? अमेरिकेने पाठवलेल्या सुमारे ४ लाख ट्रक आणि जीपांमुळे. स्टुडबेकर हा अमेरिकी ट्रकचा शब्द त्या फौजेत घरगुती झाला होता. आणि "मुक्ती" म्हणताना जरा दमानं. कॅसिनोच्या मठावर १८ मे ला झेंडा लावला पोलिश सैनिकांनी. त्यातल्या अनेकांची गावं पूर्व पोलंडमधली. याल्टाच्या परिषदेत तो भाग स्टालिनला गेला. त्यांनी इटली सोडवली, स्वतःचं गाव मात्र नाही.

पो नदीचा पाहुणा

मी सहा वर्षं इमोलाजवळ राहतो, म्हणून लिहितो. सेनिओ नदी पाहिली की माणूस आधी निराश होतो. एवढीशी नदी! मग बांधावर चढायला लागलो की कळतं. दोन्ही काठांना मातीचे उंच, अंगावर येणारे बांध, आत पाणी, बाहेर सपाट शेत, लपायला जागा नाही. ९ एप्रिल १९४५ ला हे बांध जर्मनांनी पोखरून ठेवले होते. दोस्तांकडून लढणाऱ्या भारतीय फौजेतले, नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव तिथे कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांतून त्यांनी एकेक करून उचलून आणलं, मग मागे जाऊन तीन मशीनगन गप्प केल्या, आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत उरलेल्या कंपन्यांना हात करून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जिवंत परतले.

सांग्रो नदीकडे गेलात तर दहनस्मारक बघा. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला अशा ५०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावं आहेत. मोहीम चूक होती का, हे मला तिथे उभं राहून सांगता आलं नसतं.

व्होल्गाकाठ

जाधवांना सलाम. पण एक खटकतं ते लिहितोच. ते सेनिओवर लढले त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधीपर्यंत नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. जाधवांच्याच जिल्ह्यात हे.

घाटवाटाड्या

हे जुळवून पाहिलं नव्हतं.

पाहुणेसाहेब, शौर्यावर माझा वाद नाहीच. १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडग्यांच्या तुकडीतले सगळे पडले, ते एकटे उरले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि नंतर स्नायपरच्या गोळीने गेले. पण रोम पडून महिना उलटला होता, तिथून पुढे रेटायचं ठरवणारे वेगळे आणि मरणारे वेगळे. माझं भांडण त्या ठरवणाऱ्यांशी आहे.

फोजिया न मोजता सुरुवातीला "काम झालं की" म्हणालो, ते वाक्य मात्र मागे घेतो. क्लार्कबद्दलचं नाही.

पो नदीचा पाहुणा

क्लार्कबद्दल इथले म्हातारेही मागे घेत नाहीत. घाडग्यांचं स्मारक मोंतोने गावात २०२३ साली झालं, सूर्यघडी आहे. पुढच्या महिन्यात जातोय, फोटो टाकतो. त्यांच्या माणगावच्या पुतळ्याचा कुणाकडे असेल तर द्या, इथे शेजाऱ्यांना दाखवायचाय.