मदत हवी आहे: चॅरिटी वर्कर व्हिसा आणि पतसंस्थेतले पैसे

इंग्लंडात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत युथ वर्कर म्हणून, एका धर्मादाय संस्थेमार्फत, बिनपगारी 11 महिने जायचंय. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट (व्हिसासाठी संस्थेनं दिलेलं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र) आलंय, टीबी टेस्ट आणि पोलीस क्लिअरन्सही झालंय. अडलंय 1,270 पौंडांवर, म्हणजे तिथल्या खर्चासाठी व्हिसाला दाखवायच्या रकमेवर. राहणं-जेवण संस्थेचं, पण सर्टिफिकेटवर खर्चाची हमी द्यायला ते तयार नाहीत (दोनदा विचारलं). म्हणजे तेवढी रक्कम सलग 28 दिवस माझ्या खात्यात दिसायला हवी. पैसे आहेत, पण गावच्या पतसंस्थेत. पासबुकात निम्म्या नोंदी निळ्या शाईनं हातानं लिहिलेल्या! मॅनेजर म्हणतात, शिक्का मारून देतो. एजंट म्हणतो, बँकेत हलव. शाळा सप्टेंबरात उघडते, हाताशी दिवस कमी. आता हलवले तर पतसंस्थेचे दिवस धरतात, की 28 पुन्हा पहिल्यापासून मोजायचे?