टेकडी, सायकल आणि फुटलेली ढोपरं: तुमचेही अनुभव लिहा

भाचा पुण्याला कॉलेजला आलाय. परवा नवी गिअरची सायकल घेऊन दारात उभा. "मामा, वेताळ टेकडीवर चढेल का ही?" माझा हात आपोआप डाव्या ढोपरावर गेला.

१९९७. होस्टेलवर सहा जणांत मिळून एक रेंजर, बिनगिअरची. दिसायला रुबाबदार, वजन भरलेल्या सिलिंडरएवढं. गोखलेनगरकडून ढकलत वर नेली, खाणीपाशी दम खाल्ला आणि पंचवटीच्या अंगाला सोडली. मुरमावर पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नसतो, हे ज्ञान तिथं झालं. मी कुसळांत, सायकल घाणेरीत. चाक इतकं वाकलं की फिरेचना. चाकाचा आऊट, म्हणजे वाक, काढणारा सायकलवाला त्याकडे बघून म्हणाला, "म्हशीला धडकलात का?"

तुमचं लिहा. टेकडी कुठलीही चालेल.

कट्टेकरीण: आम्ही हनुमान टेकडी. मैत्रीण नवी कोरी सायकल आणायची, पायथ्याला कुलूप लावायची आणि आम्ही चालत वर. मग आणायची कशाला, हे आजतागायत कळलेलं नाही.

चेनपडी: भाच्याला सांगा, टायरात हवा जरा कमी ठेव, सीट खाली घे, उताराला बूड मागे. आणि 'पुढचा ब्रेक लावूच नको' असं शिकवू नका हो! लावायचा, पण हळू, वळणाच्या आधी. नुसता मागचा दाबला की चाक फरफटतं, वाटेला चर पडतो आणि पावसाळ्यात पाणी त्यातूनच धावतं.

रोज_साडेपाच: चराचं लिहिलंत, बरं वाटलं. आम्ही तिथं रोज चालतो. मागून घंटी नाही, हाक नाही, एकदम सूंऽऽ. माझा गुडघा बदललाय, टुणकन बाजूला होता येत नाही.

चेनपडी: काका, माझ्या सायकलला घंटी आहे.

रोज_साडेपाच: काकू.

चेनपडी: सॉरी काकू!!

रोज_साडेपाच: असू दे. २०२३ ला टेकडीवरून न्यायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात मोर्चात याच गुडघ्यानं चाललेय. टेकडी राहिली तर तुमच्या सायकली. घंटी वाजवा म्हणजे झालं.

दूरदेशी: मी फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो. युनिव्हर्सिटीचं गाव, शेजारीच हॉर्सटूथचा डोंगर आणि लोरी स्टेट पार्क, त्यामुळे सायकलवाल्यांची चंगळ. पण गावच पाच हजार फुटांवर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्याहून उंच. पहिल्या चढाला फेफे उडाली. वर दोन्ही टायर बसले. इथले लोक 'गोटहेड, गोटहेड' करत होते. काटा उपटून बघते तर आपला सराटा! आईला फोटो पाठवला, तर म्हणे वाळवून आण, काढ्याला होतो.

कट्टेकरीण: आई >>> 😂 कस्टमवाल्यांना काय सांगणार?

रंकाळ्यावरचा: पन्हाळ्याचं कोन लिवंना व्हय? विद्यापीठातनं पहाटेचं निघायचो. वाघबिळाचा चढ आला की निम्मी पोरं उतरून ढकलाय लागायची. वर झुणका भाकर, दही. येताना पायडल मारायचं कामच न्हाई.

चेनपडी: ते डांबरी झालं की. धागा मातीचा आहे.

रंकाळ्यावरचा: पडल्यावर मातीच लागली तोंडाला, चालतंय का?

दूरदेशी: झुणका भाकर नका हो लिहू. इथे रात्रीचे अकरा वाजलेत आणि घरात फक्त ब्रेड आहे.

सहाव्यातला_एक: त्या रेंजरमध्ये माझेही पैसे होते. विकलीस कितीला??

धागाकर्ता: अरे तू!! विकली नाही, आऊटवाल्याकडेच राहिली. आणायला गेलो तर दुकान बंद, मग परीक्षा... फोन कर ना.

वरणफळ: भाच्याच्या सायकलीला डिस्क ब्रेक असेल तर उतार संपल्यावर चकतीला बोट लावू नको म्हणावं, भयंकर तापते. मी लावलं होतं. डाग आहे अजून. बाकीचं नंतर लिहिते, तिसरी शिट्टी झाली.